पुढची डावी कमान

माझ्या थोरल्या भावाला मोटार चालवताना डुलकी लागली आणि त्याच्या हातून त्याचा सासरा मेला, असं सोलापुरात आमच्या पेठेतला एखादा म्हातारा अजूनही सांगत असेल. सांगणाऱ्याला मी दोष देत नाही. खुद्द दादानंच ते सगळ्यांना सांगितलं होतं. मी मात्र इतकी वर्षं गप्प बसलो, आणि गप्प बसणं माझ्या स्वभावात मुळीच नाही. कुणी वाकडं बोललं की माझं डोकं फिरतं, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

मी तेव्हा गिरणीत फिटर होतो. दादाची सोलापूर ते बार्शी सर्व्हिस मोटार होती. मोटार म्हणजे एका वकिलानं वापरून वापरून कंटाळा आल्यावर विकलेली अमेरिकन टूरिंग गाडी. कापडी टप, पितळी कर्णा, आणि बसायला जागा असेल त्याच्या दुप्पट माणसं. वैरागच्या बाजाराला जाणारी माणसं पायफळीवर उभी राहत, कोंबड्या हातात धरत, आणि एखादा सज्जन चढताना विचारी, "जागा हाय का?" दादा म्हणे, "तू बस, जागा हुईल." आणि ती होई. रस्ता खडीचा, पावसाळ्यात नुसती रेंदाळ. असल्या रस्त्यावर गाडीचं इंजिन टिकतं, पण तिच्या खालची हाडं झिजतात. रविवारी मला सुट्टी असे. त्या दिवशी दादा गाडीला ग्रीस देई, आणि मी खाली आडवा होऊन काय ढिलं झालं, काय तुटायला आलं ते बघे.

कमानी म्हणजे काय हे टांगा पाहिलेल्याला सांगायला नको. पोलादी पाटे एकाखाली एक रचलेले, सगळ्यांत वरचा लांब, तोच मुख्य. त्याच्या टोकाला गुंडाळी असते, तिला आम्ही कान म्हणायचो. त्या कानातून पिन जाते आणि कमान गाडीच्या सांगाड्याला अडकते. चाक खड्ड्यात गेलं की पाटा वाकतो, आणि कान त्या पिनेवर थोडासा फिरतो. तेवढं फिरणं महत्त्वाचं. ते व्हावं म्हणून तिथं ग्रीस द्यायचं. आमच्या गाडीच्या सांगाड्याची दोन टोकं पुढं नाकासारखी आलेली होती, आणि पुढच्या दोन्ही कमानी त्या नाकांना अडकवलेल्या होत्या.

वहिनी बार्शीची. तिला आई नव्हती. वडील बार्शीच्या धान्यबाजारात तोलार होते. एकुलती लेक, आणि तिला मूलबाळ नाही, म्हणून म्हाताऱ्याचा जीव तिच्यात अडकलेला. वहिनीचा जीव दादात. मोटार घेतली त्या दिवसापासून तिच्या पोटात भीती बसली. बैल बुजला तर कळतो तरी, ही बया कधी बुजेल काय सांगावं, असं ती म्हणायची. म्हणून दर अमावास्येला ती सिद्धेश्वराला जाऊन येई, गाडीला हळदकुंकू लावी, आणि गाडीच्या पुढच्या नाकावर नारळ फोडी. आमची पडवी अरुंद होती. गाडीची उजवी बाजू भिंतीला चिकटून असे, म्हणून नारळ कायम डाव्या नाकावर फुटायचा. त्या नाकावर हळदकुंकवाचा लालपिवळा थर चढला होता. तिथं तेलकट हात लावायचा नाही, असा घरचा नियमच झाला होता. देवाचं लागलेलं पुसतात होय? दादा बाकी सगळ्या ठिकाणी ग्रीस भरायचा, आणि त्या जागेला हात जोडून पुढं जायचा. मीही कधी काही म्हटलं नाही. त्यात काही म्हणण्यासारखं आहे, असं आम्हा दोघांच्या मनातही आलं नाही.

त्या वर्षी श्रावण लागताच गाडी कुरकुरायला लागली. डाव्या बाजूनं बारीक कुईकुई असा आवाज यायचा. दादा म्हणाला, गाडी डावीकडं ओढते आहे. मी वाकून पाहिलं, चाकात हवा बरोबर होती, चक्राचा, म्हणजे स्टीअरिंगचा, खेळ थोडा जास्त होता. जुन्या गाडीला एवढं असायचंच, असं म्हणून येत्या रविवारी नीट बघू असं ठरलं.

तो रविवार यायच्या आधीच पंचमी तोंडावर आली. वहिनीला माहेरी न्यायला मुराळी म्हणून तिचे वडील स्वतः निघाले. जावयाची गाडी असताना दुसऱ्या कुणाच्या गाडीनं कोण येईल? बार्शीहून निघताना ते दादाच्या शेजारी पुढं बसले. मांडीवर लेकीसाठी लाह्यांचं बोचकं होतं. वैराग मागं टाकल्यावर एक ओढा लागतो. त्याच्या उतारावर गाडी डावीकडं फिरली आणि सरळ ओढ्याच्या दगडांत गेली. मागची माणसं खरचटण्यावर सुटली. दादाचा पाय मोडला आणि डोक्याला मार बसला. म्हातारा बाहेर फेकला गेला. त्याला सोलापूरच्या इस्पितळात आणलं, पण तो शुद्धीवर आलाच नाही. वहिनी त्याच्या उशाशी बसून होती. तिनं बोचकं उघडलं नव्हतं, नुसतं हातात धरलं होतं.

दादाला शुद्ध आली तेव्हा त्याला ओढ्याच्या अलीकडची बाभूळ आठवत होती. त्यानंतरचं काही नाही. डोक्याच्या मारानं तसं होतं, असं डॉक्टर म्हणाले. पण मागं बसलेल्यांपैकी कुणीतरी बोललं की ड्रायव्हरची मान खाली होती. आदल्या दिवशी दादा उशिरा परतला होता, हे सगळ्यांना माहीत होतं. एवढं पुरलं. संध्याकाळपर्यंत सगळ्या पेठेला कळलं की गाडीवाला झोपला होता. पोलिसांनी पंचनामा केला, मोडलेली कमान पाहिली आणि दगडावर आपटून मोडली असं लिहून घेतलं.

वहिनीला तिच्या भावकीनं दिवसकार्यासाठी बार्शीला नेलं. घरात आम्ही दोघंच. दादाचा पाय फळ्यांत बांधलेला. तो आढ्याकडं बघत पडून राही आणि मी जेवायला दिलं की तेवढं खाई. बोलायचा एकच गोष्ट.

"माझा डोळा लागला का रं?"

मी नाही म्हणायचो. त्याला ते पटायचं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही काय माहीत होतं? एवढंच माहीत होतं की हा माणूस लहानपणापासून कमी झोपेचा. पहाटे कोंबडा आरवायच्या आधी उठून बसायचा आणि आम्हाला उठवून शिव्या खायचा. पण मनाला खात्री असून चालत नाही. आपल्या हातून माणूस गेला, तोही बायकोचा बाप, हे त्याला आतून खात होतं. असाच राहिला तर पाय बरा होईल, पण माणूस परत उभा राहणार नाही, असं मला वाटू लागलं. म्हणून मी गाडी बघायचं ठरवलं.

बैल लावून गाडी ओढ्यातून काढून आणली होती. मी गिरणीतून रजा घेतली आणि गाडीखाली शिरलो. अशा कामात घाई करून चालत नाही. मोडलेलं दिसतं म्हणून तेच कारण असं धरून बसलं की माणूस फसतो. पहिल्यांदा मी उजवी बाजू बघितली. जॅक लावला, पहार घालून कमान हलवून पाहिली. उजव्या कानातली पिन झिजली होती, थोडी खडखडत होती, पण फिरत होती. ग्रीस पोचलं होतं. मागच्या दोन्ही कमानींची तीच कथा. झिजलेल्या, दमलेल्या, पण फिरत्या.

मग डाव्या बाजूला आलो. मुख्य पाटा कानाजवळच मोडला होता. कान नाकावर पिनेत अडकून राहिला होता, आणि पाटा आसासकट मागं सरकला होता. पुढून कमान सुटली की चाक मागं जातं, आणि गाडी त्या बाजूला वळते. मग चक्र कितीही उजवीकडं ओढा, उपयोग नाही. हे ओढ्याच्या आधी झालं की ओढ्यात पडल्यावर, एवढाच प्रश्न होता.

मोडलेलं टोक मी रॉकेलनं धुतलं आणि पडवीच्या उजेडात नेलं. ताजं मोडलेलं पोलाद राखाडी, दाणेदार दिसतं. या तोंडावर तसा भाग होता, पण थोडा, कडेला. बाकीचा सगळा भाग काळा होता, गंज मुरलेला. म्हणजे पाटा त्या दिवशी मोडला नव्हता. किती तरी आधीपासून तो आतून तडकत चालला होता, आणि राहिलेला धागा त्या उतारावर तुटला. मी तिथंच उकिडवा बसून राहिलो. दगडावर आपटून एवढा गंज एका दिवसात येत नाही, हे कुठल्याही लोहाराला दाखवलं असतं तरी त्यानं सांगितलं असतं.

पण तडकला का? मी नाकातली पिन काढायला गेलो, ती हलेना. रॉकेल ओतून ठेवलं, घण मारला, तरी हलेना. शेवटी कान कापून काढावा लागला. पिन आणि कानात तिच्याभोवती बसवलेला बुश गंजून एक झाले होते. कान फिरत नव्हता, म्हणून प्रत्येक खड्ड्याला पाटा कानाच्या मुळाशीच वाकत होता. एका जागी तार पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते, तसं.

ते तुकडे कापडात घेऊन मी दादाच्या खाटेजवळ गेलो. त्याला काही सांगितलं नाही, नुसता मोडलेला पाटा हातात दिला. गाडीवाला माणूस तो. त्यानं पाट्याच्या मोडलेल्या तोंडाकडं बघितलं, काळ्या भागावरून अंगठा फिरवला, मग राखाडी भागावरून. आणि तो रडायला लागला. दादाला मी त्याआधी रडताना बघितलं नव्हतं, आमचे वडील गेले तेव्हाही नाही.

"म्हंजी माझा हात न्हवता," तो म्हणाला.

मी म्हटलं, नव्हता. आता चौकशीत हा तुकडा साहेबापुढं ठेवायचा, पेठेतल्या एकेकाच्या नाकापुढं धरायचा. कुणाच्या नाकापुढं आधी धरायचा ते मी मनात ठरवूनही टाकलं होतं. मला एवढा आनंद झाला होता की पुढचं काही सुचतच नव्हतं. सुचलं दादाला. त्यानं पिनेला चिकटलेला कान उचलला आणि विचारलं की हिथं गंज कशानं चढला, बाकी कुठं तर नाही. मग त्यानंच नखानं त्याच्यावरचा थर खरवडला. नखाखाली लाल आलं.

आम्ही दोघंही त्या नखाकडं बघत राहिलो. दर अमावास्येचं नारळाचं पाणी. गोड, चिकट, त्यात हळदकुंकवाची बुकणी. ते त्या नाकावरून ओघळून कानात उतरत होतं. बसलेलं ग्रीस धुऊन नेत होतं, आणि नवीन ग्रीस तिथं कुणी भरत नव्हतं.

कान परत कापडात गुंडाळत दादा म्हणाला, "हे हिला कळता कामा न्हाय."

मी भडकलो. त्याचं लायसन्स जाईल, नाव जाईल, रस्त्यानं जाताना लोक बोट दाखवतील, हे सगळं त्याला सुनावलं. नुसतं पाटा जुना होता, मोडला, एवढंच सांगू, असंही सुचवलं. त्यावर त्याचं उत्तर असं होतं की पाटा म्हटलं की लोक विचारणार कुठला, साहेब विचारणार गंज कशानं, आणि डावं नाक म्हटलं की तिला दुसऱ्या कुणी सांगायची गरज पडणार नाही. ती अडाणी असेल, येडी नाही.

"नारळ तिनं फोडला, ग्रीस मी दिलं न्हाय," तो म्हणाला. "आणि मला जे कळायचं हुतं ते कळलं. तेवढं बास हाय. तिला जर कळलं की बाप तिच्या नारळानं गेला, तर ती जगायची न्हाय."

मी म्हटलं, आणि तुझ्यामुळं गेला असं वाटलं तर जगेल? तो म्हणाला, माझ्यावर रागावून जगेल. रागावर माणूस जगतो.

दिवसकार्य उरकून वहिनी परत आली. पाठीवरून पदर घट्ट ओढलेला, चेहरा ओळखू न येण्यासारखा. लोकांनी बार्शीतच तिच्या कानावर घातलं होतं. हातपाय धुतले नाहीत, पाणी घेतलं नाही, खाटेसमोर येऊन बसली.

"अवो, मला खरं सांगा. तुमचा डोळा लागला व्हता का?"

दादानं माझ्याकडं बघितलं. त्या बघण्यात विनंती नव्हती, ताकीद होती. मग तो तिच्याकडं वळला.

"व्हय. लागला."

वहिनी उठून चुलीकडं गेली. तिनं स्वयंपाक केला, आम्हाला वाढलं, आणि त्यानंतर कितीतरी महिने दादाशी बोलली नाही. ताट त्याच्यापुढं ठेवी, पाण्याचा तांब्या ठेवी, पायाला शेक देई. पण शब्द नाही. मला ते बघवत नसे. कितीदा तरी माझ्या ओठांवर आलं. गिरणीत यंत्रावर हात चालत असताना मनातल्या मनात मी तिला सगळं सांगून टाकायचो, आणि घरी येऊन जेवून झोपायचो. दादा मात्र बदलला होता. आढ्याकडं बघणं थांबलं होतं. बायकोचं न बोलणं तो पावसाळ्यातल्या रस्त्यासारखं सोसत होता. आता हे असंच असणार, आपण नीट चालायचं. चौकशीतही त्यानं तेच सांगितलं आणि लायसन्स गेलं. साहेबापुढून बाहेर आल्यावर त्यानं मला विडी मागितली, एवढंच.

गाडी मी दुरुस्त केली. टांग्याच्या कमानी घडवणारा एक लोहार होता, त्यानं नवा मुख्य पाटा घडवला. कानाची गुंडाळी त्यानं दोनदा मोडून पुन्हा केली. तापवून करडीच्या तेलात बुडवला, मग परत जरा तापवून त्याचा ताठरपणा मारला, नाहीतर पोलाद काचेसारखं तुटतं. गिरणीतल्या एका तेलुगू टर्नरनं मला पितळी बुश काढून दिले. उजव्या आणि डाव्या, सगळ्याच पिना नव्या घातल्या. पाटे खरडून साफ केले आणि मधून ग्रीस लावून परत रचले. सपाट फरशीवर गाडी उभी करून दोन्ही नाकांची उंची वितीनं मोजली, ती जुळली. मोडलेल्या पाट्याच्या लोहारानं मला छिन्न्या करून दिल्या. त्यांतली एक अजून माझ्याकडं आहे.

पाय बरा झाल्यावरही दादा चक्रावर बसला नाही. गिरणी सोडून मीच गाडी चालवायला लागलो, आणि दादा शेजारी बसून भाडी घ्यायचा, माणसं कोंबायचा. उतारूंपैकी कुणी चढताना हसत म्हणे, तुमी चालवत न्हाई न्हवं, मग बसतो. दादाही हसायचा. माझे हात चक्रावर आवळायचे. एकदा एकाला मी ऐन उन्हात माळावर उतरवलं, तेव्हा दादानं मला रस्ताभर झापलं आणि परत जाऊन त्या माणसाला घ्यायला लावलं.

गाडी दुरुस्त झाल्यावरची पहिली अमावास्या आली तेव्हा मला धाकधूक होती. वहिनी नारळ घेऊन पडवीत आली. दादानं आधीच एक सपाट दगड गाडीपुढं आणून ठेवला होता. नवी कमान अजून कच्ची आहे, तिला ठोक सोसायचा नाही, म्हणून आता नारळ दगडावर फोडायचा, असं त्यानं भिंतीकडं बघत सांगितलं. ती त्याच्याशी बोलत नव्हती, पण तिनं ऐकलं. नारळ दगडावर फोडला आणि नाकांना तेवढं कुंकू लावलं. ती आत गेल्यावर मी रॉकेलचं फडकं घेऊन ते कुंकू पुसलं आणि कानात ग्रीस भरलं. पुढं गाडी होती तोवर प्रत्येक अमावास्येला मी हे करत आलो. पाप असेल तर माझ्या नावावर असू दे.

ती पुन्हा बोलायला लागली तेव्हा पुढच्या वर्षाची पंचमी उलटून गेली होती. दिवेलागणीला जेवणं झाली, आणि भांडी आवरता आवरता तिनं एकदम म्हटलं, "झोपा आता. उद्या गाडीवर जायचंय." दादा चटकन उठला आणि जाऊन आडवा झाला. कमी झोपेचा माणूस, दिवेलागणीला कसली झोप येणार! पण तो डोळे मिटून पडून राहिला. त्यानंतर हे रोजचंच झालं. बाकीचे पुरुष पारावर बसलेले असत, गप्पा ऐकू येत, आणि माझा भाऊ बायकोनं सांगितलं म्हणून शहाण्या पोरासारखा अंथरुणावर पडलेला असे. शेजारी थट्टा करत. वहिनी त्यांना फटकारायची की त्यांची झोप मोडू नका, एकदा मोडली त्याचं मी काय भोगलं ते मला ठावं. तिनं त्याला माफ केलं होतं, आणि तिची माफी ही अशी रोज सांजेला त्याला झोपवायची. मला कधी हसू येई, कधी मी उठून पडवीत जाई. दादाला काय वाटायचं ते त्यानं कधी सांगितलं नाही.

गाडी पुढं विकली. दादाही म्हातारा होण्याआधीच थकला. छातीनं दगा दिला आणि त्याला आडवं पडता येईना. उशांना टेकून बसून असायचा. शेवटच्या दिवशी, ऐन दुपारी, वहिनी त्याच्या कपाळावरून हात फिरवत होती. मी दाराशी उभा होतो. ती डोळ्यांतलं पाणी आवरत त्याला म्हणाली, "गाडीवर बरा डोळा लागला व्हता तुमचा. आता जरा लावा की."

दादा हसला. तिच्याकडं बघून हसला, मग तिच्या खांद्यावरून माझ्याकडं बघितलं. तेच बघणं, ताकीद दिल्यासारखं. मी मान हलवली. थोड्या वेळानं त्याचा डोळा लागला, तो लागलाच.

वहिनी त्याच्यामागं पुष्कळ वर्षं जगली. त्याच्या झोपेच्या गोष्टी पोरासोरांना सांगायची, आणि सांगताना तिच्या आवाजात राग नसायचा. गेल्या चैत्रात तीही गेली. आता ताकीद द्यायला कुणी उरलं नाही, आणि ज्याचं मन दुखायचं तेही कुणी उरलं नाही. म्हणून लिहून ठेवतो. त्या दिवशी ओढ्याच्या उतारावर माझा भाऊ जागा होता.